माउलीची गाडी आणि पोळ्याचा मान

१ जून

आजपासून लिहिणं सुरू. ठाण्यातले साहेब म्हणाले, व्यंकटराव, इथून पुढं राग आला की दगड उचलू नका, पेन उचला. वास्तविक मला राग येत नाही. लोक आणतात. तरी साहेबांचा शब्द मोडायचा नाही म्हणून माझ्या हार्डवेअरच्या दुकानात पाइपच्या कंपनीची डायरी पडून होती, ती घेतली.

मूळ प्रकरण एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोकं मोकळं होईल. (डोक्याला गेल्या पोळ्याचे टाके आहेत. तापलं की ओढतात.)

आमच्या गावात पोळ्याला वेशीत तोरण बांधतात. मानाची बैलजोडी तोरणाखालून आधी जाते, मग बाकी गाव. मान आमच्या घराचा. भगवानराव, माझा चुलतभाऊ, म्हणतो त्याच्या घराचा. कारण असं की पणजोबांना जुळं झालं. एक माझे आजोबा, एक त्याचे. थोरलं कोण हे फक्त सुईणीला माहीत होतं आणि ती निजामाच्या राज्यातच वारली. तेव्हापासून दर पोळ्याला दोन्ही जोड्या तोरणात एकदम घुसतात. गेल्या वर्षी भगवानरावानं जुवाची शिवळ, म्हणजे लाकडी खुंटी, काढून माझ्या डोक्यात घातली. मी त्याची करंगळी चावली. ती अजून सरळ होत नाही असं ऐकतो.

बैल आता दोघांकडंही नाहीत. ट्रॅक्टर आहेत. पोळ्यापुरती एक जोडी मी धोंडप्पाकडून भाड्यानं आणतो, दुसरी भगवानराव आणतो, तीही धोंडप्पाचीच. एका गोठ्यातली जनावरं, त्यांचं आपसात काही नाही. पण मान बैलाचा नसतो, घराण्याचा असतो.

परवा साहेबांनी गावात बैठक घेतली. यंदा रक्त सांडलं तर दोघांनाही आत घालतो म्हणाले. तेव्हा धोंडप्पा मागून म्हणाला की, पाटील, दोघांचीबी लेकरं मोटारीच्या शर्यतीत हायेत न्हवं? मग ज्याचं लेकरू पुढं, त्याचे बैल पुढं करा की. लोक हसले. मी आणि भगवानराव हसलो नाही. दोघं एकदम हो म्हणालो. साहेबांनी लगेच कागदावर घेऊन सह्या घेतल्या.

माझा माउली सोळा वर्षांचा, अकरावीला लातुरात. भगवानरावाची राजकन्या त्याच्याच वयाची. पोरांसाठी ज्युनिअर कप म्हणून मोटारींचा सीझन असतो, त्यात दोघं निवडले गेलेत. चार शर्यती, लातूर-नांदेड आलटून पालटून. शेवटची पोळ्याच्या तोंडावर. यंदा अधिक महिना आहे, पोळा सप्टेंबरात. तयारीला भरपूर टाइम.

संकल्प: या सीझनला कुणावरही हात उचलायचा नाही.

४ जून, संध्याकाळ

पहिली शर्यत. लातूरच्या बाहेर बंद गिरणीच्या आवारात ट्रॅक केलाय. नियम समजून घेतले. सगळ्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच इंजिनाच्या. कुणाला कुठली हे चिठ्ठी टाकून. कुणी नटबोल्टलाही हात लावायचा नाही. म्हणजे फरक फक्त पोरांचा. संयोजकांना शांतपणे विचारलं, मग बापानं काय करायचं? म्हणाले, टाळ्या वाजवायच्या.

सुरुवातीला एक पांढरी गाडी पिवळा दिवा लावून पुढं निघते, तिला सेफ्टी कार म्हणतात. तिच्यामागं सगळे रांगेत एक फेरी मारतात, आपल्याकडं पोळ्याला मारुतीला मारतात तशी. मला वाटलं झाली सुरुवात. ओरडलो, काढ पुढं! माउलीनं काढली नाही. शेजारच्या बाईंनी सांगितलं की या फेरीत पुढं जात नसतात, सेफ्टी कारला ओलांडलं की पोरगं बाद, सीझनमधून नावच काढतात. असले नियम आमच्या गावात एक दिवस टिकले नसते.

राजकन्या चौथी, माउली पाचवा. नांदेडच्या एका पोरानं मध्येच ब्रेक मारला म्हणून. त्याच्या वडिलांना समजावून सांगायला गेलो. समजावताना त्यांचा शर्ट फाटला. एक प्लास्टिकची खुर्चीही गेली, पण ती आधीच तडकलेली होती.

संकल्प कायम आहे. हात उचलला नाही. खुर्ची उचलली.

११ जून

माउली घरी आलाय. शेतात ट्रॅक्टरवर बसवून ट्रेनिंग. मुद्दा एकच ठेवला: पुढची गाडी वळणावर आली की तिच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक लावायचं. ती आपोआप गरकन फिरते. हे शिकवताना भगवानरावाच्या बांधाचे दगड निघाले. केवळ योगायोग. भगवानरावानं त्यातलाच एक फेकला, आमचा हेडलाइट फुटला. मी तो दगड परत केला. त्याच्या दारापर्यंत.

माउलीनं विचारलं, पप्पा, राजकन्याला लागलं म्हंजे? म्हटलं, शर्यतीत लागतंच. खाली उतरून चाकाची माती खरवडायला लागला. पोरगं शिकवलेलं मनात मुरवतंय, हे माझ्या लक्षात आलं.

जेवताना बायको, अयोध्या, म्हणाली की, लेकराला डॉक्टर करून राहिलो का खाटीक? बायकांना स्पोर्ट कळत नाही. मी शांत होतो. ताट पालथं कसं झालं माहीत नाही.

१२ जून

काल दगड दाराला नाही, खिडकीला लागला म्हणे. काच गेली. साहेबांचा फोन. लिहिताय का म्हणाले. लिहितोय म्हटलं.

२ जुलै, नांदेड

सविस्तर लिहितो. अक्षर वाकडं आलंय, पण ते प्रवासामुळं.

माउली राजकन्याच्या अगदी मागं. चौथं वळण. तिचं मागचं चाक समोर. मी तारेला धरून उभा, अंगठे पांढरे झालेले. आता लावणार, आता लावणार, आणि यानं अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला! स्पष्ट दिसलं. मागचं पोरगं थोडंच पाय काढतंय? त्यानं पूर्ण वेगात माउलीला ठोकलं. गाडी टायरांच्या भिंतीवर चढली आणि उलटली. पुन्हा उलटली. एक दरवाजा आमच्यापर्यंत उडत आला. पत्रा फाटायचा आवाज मी दुकानात रोज ऐकतो, पण हा वेगळा होता.

तारेवरून उडी मारली. मांडी फाटली, ते नंतर कळलं. माउली पट्ट्यात उलटा लटकलेला, नाकातून रक्त छताकडं चाललेलं. माझ्या आधी, डॉक्टरच्याही आधी तिथं राजकन्या. आपली गाडी मध्येच सोडून पळत आलेली. गुडघ्यावर बसून त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं, मानेवर भार येऊ नये म्हणून. म्हणत होती की माउल्या, हलू नको, हाय मी, हलू नको.

संपला का हे बघायला आली असणार.

डॉक्टर म्हणाले काही मोडलं नाही, नशीब. त्याला खुर्चीवर बसवलं, तोंड पुसलं. मग मी विचारलं, लावलं का नाहीस चाक? तो म्हणाला, बहीण हाय ती माझी.

हात उचलला नाही. हात गेला.

खुर्चीसकट पडला. सगळे बघायला लागले. मी म्हटलं, चक्कर आली पोराला, पाणी आणा. पलीकडं भगवानराव राजकन्याला ओरडत होता की, पुढं जायचं सोडून कामून थांबलीस? तेवढं एक मात्र तो बरोबर बोलत होता.

दोघांनाही आज गुण नाहीत.

३ जुलै

माउलीच्या गालावरचा वळ हेल्मेटच्या पट्ट्याचा आहे. अयोध्याला तसं सांगितलं. ती म्हणाली, पट्ट्याला चार बोटं असतात का? आणि उठून माउलीच्या खोलीत झोपायला गेली.

५ जुलै

राग नाही.

२५ जुलै

अधिक महिना. भगवानरावाचा थोरला जावई बालाजी रेणापूरहून वाण घ्यायला आलाय. अनारसे, चांदीचा दिवा, टॉवेल-टोपी, काय विचारू नका. त्याचं काहीच नाही. पण हा बालाजी गाड्यांचं रीतसर ट्रेनिंग घेतलेला आहे आणि ज्युनिअर कपवाल्यांनी त्याला ठेवून घेतलंय. कशावर? सेफ्टी कारवर! म्हणजे इथून पुढं दर शर्यतीत भगवानरावाचा जावई सगळ्यात पुढं, आणि माझा पोरगा त्याच्यामागं खाली मान घालून.

संयोजकांना फोन केला. म्हणाले, तो फक्त रस्ता दाखवतो, शर्यतीत नसतो. यांना तोरण म्हणजे काय हे माहीतच नाही. पुढून जातो तोच पुढं. त्यात शर्यतीचा काय संबंध?

चाकूरला हॉटेलात बालाजी भेटला. नमस्कार केला त्यानं. मीही केला. बाहेर त्याची मोटारसायकल उभी होती. जवळून जाताना आरसा हाताला लागला आणि तुटला. दुसऱ्या बाजूचाही लागला.

६ ऑगस्ट, लातूर

जिंकलो! माउली पहिला, राजकन्या दुसरी. एकूण गुणांत माउली तिच्या पुढं! शेवटच्या नांदेडच्या शर्यतीत फक्त तिच्या पुढं राहायचं, बस्स. पोरगं असं चालवत होतं की मलाच वाटलं हे आपण शिकवलंय.

नारळ नेलाच होता. गाडीपुढं फोडायचा तर जमिनीला रबर अंथरलेलं, फुटेना. म्हणून बॉनेटवर फोडला. एका घावात. बॉनेटही. संयोजकांनी मला पुढच्या वेळी तारेपासून दहा पावलं लांब राहायचं लेखी दिलं. आनंदाच्या दिवशी वाद नको म्हणून कागद घेतला. ज्यानं दिला त्याच्या खिशातच परत कोंबला. खिसा फाटला.

माउली हसला नाही. राजकन्याजवळ उभा राहून काहीतरी बोलत होता, बराच वेळ. बहुतेक तिला चिडवत असावा.

२८ ऑगस्ट

पोळ्याची तयारी. झुली, घुंगरमाळा, शिंगांना रंग. भोकरहून कुऱ्हाडीचे दांडे मागवले, बाभळीचे, चांगले पिकलेले. झेंडे बांधायला. माउली दुकानात आला तेव्हा पोती उतरत होती. विचारलं, पप्पा, झेंडे किती हायेत? म्हटलं, झेंडे अजून आणायचेत.

मग म्हणाला, मी जिंकलो तर भगवानकाका तुमाला सुखानं जाऊ देतील का? म्हटलं, न जाऊ दे. त्याच्यासाठीच तर झेंडे. आणि मी हरलो तर तुमी त्यांना जाऊ देताल का? हा काय प्रश्न झाला? तू हरणार नाहीस, म्हटलं.

एक दांडा हातात घेऊन बघितला त्यानं. गेल्या पोळ्याला जीपमध्ये लातूरपर्यंत माझं डोकं त्याच्याच मांडीवर होतं, त्याची पँट रक्तानं कडक झाली होती. तेव्हा पंधराचा होता, रडला होता. आता बघा कसा दांडा पारखतो. छाती भरून आली.

९ सप्टेंबर

धोंडप्पाकडं जाऊन बैलं बघितली. म्हटलं, यंदा माझी जोडी पुढं. तो म्हणाला, पाटील, जोडी माझी हाय, मान तुमचा हाय, पोळ्याआधी तूप चोळून खांदेमळणी मीच करतो, दर साली परत येतात तवा मुके मार बघून हळद मीच लावतो. म्हातारा झालाय. काहीही बोलतो.

उद्याचं सगळं पक्कं.

१० सप्टेंबर, नांदेड

१२ सप्टेंबर, लातूर, सरकारी दवाखाना

परवा तारीख घालूनच ठेवली होती, संध्याकाळी विजय लिहायचा म्हणून. आज डाव्या हातानं लिहितोय. उजव्या खांद्याचं हाड मोडलंय. शेजारच्या कॉटवर भगवानराव. जबडा तारेनं बांधलाय. बोलता येत नाही. तेवढं बरं.

झालं ते असं. पहिल्या रांगेत माउली आणि राजकन्या, शेजारी शेजारी. पुढं बालाजी, पिवळा दिवा लावून. ती हळू फेरी सुरू झाली. ट्रॅकवर शेवटाला कंपन्यांच्या जाहिरातींची कमान आहे, फुलांच्या माळा सोडलेली, समारोप म्हणून. मी बघतो तर काय, माळांच्या खालून पहिला कोण जाणार? भगवानरावाचा जावई! सगळ्या नांदेड-लातूरसमोर! पायाखालची दहा पावलं कधी संपली कळलं नाही. तारेवर चढलो आणि ओरडलो, माउल्या, काढ! सेफ्टी कार गेली खड्ड्यात, काढ पुढं!

आणि माझ्या वाघानं काढली!

तेवढ्यात पलीकडून भगवानरावही तारेवर. राजे, तूबी काढ, तूबी काढ! तिनंही काढली. बालाजी हॉर्न वाजवतोय, त्याच्या एका बाजूनं माउली, दुसऱ्या बाजूनं राजकन्या. दोन्ही गाड्या बरोबरीनं कमानीखालून गेल्या. काळा झेंडा हलला. शर्यत सुरू व्हायच्या आधीच दोघंही बाद. नावं सीझनमधून कायमची काढली, असं माइकवर सांगितलं.

पण ते मी ऐकतच नव्हतो. कमानीखालून माउलीचं नाक एक वीत पुढं होतं. भगवानराव म्हणाला, राजकन्याचं. मी म्हटलं, माउलीचं. तो म्हणाला, डोळे फुटले का? मी हात उचलला नाही, माझ्याकडं जॅक होता. त्याचं तोंड त्या जॅकला लागलं. दात उडालेले मी स्वतः बघितले. तो खाली पडता पडता टायर खोलायचा पाना उचलून माझ्या खांद्यावर बसवून गेला. बालाजी मध्ये पडला, त्याच्या नाकाचं हाड मोडलं. कुणाच्या हातून ते नक्की नाही. मी त्याची छाती चावलेली आठवते. तारेपलीकडं लहान लेकरं रडत होती, आणि माउली-राजकन्या आपापल्या गाडीतून उतरून नुसती उभी होती. हेल्मेट हातात. जवळ आली नाहीत.

साहेब काल येऊन गेले. दोघांवर गुन्हा. पोळ्याला दोघांच्याही घरचं कुणी वेशीत दिसता कामा नये. दुकानातले दांडे आणि भगवानरावाच्या शेतातल्या आखाड्यावरचे कोयते जप्त.

असो. गुण गेले, पण माझ्या एका हाकेवर पोरानं मान राखला. बापाचा शब्द पडायचा अवकाश, पोरगं काळ्या झेंड्याला भ्यालं नाही. हे कोणी काढून घेऊ शकत नाही.

१४ सप्टेंबर, पोळा

दुपारी माउली आला. पुरणपोळीचा डबा. सोबत राजकन्या, तिच्याकडं भगवानरावासाठी दुधात कुस्करलेला डबा. चमच्यानं भरवायला लागली.

विचारलं, तोरणात कोण पुढं? माउली म्हणाला, धोंडप्पाआजोबा. दोन्ही जोड्या जोडीनं नेल्या त्यांनी. म्हटलं, त्याला कुठला मान? माउली म्हणाला, बैलं त्यांचीच हायेत की. हा काय मुद्दा झाला? पण पोळी तोंडात होती, सोडून दिलं.

मग मी मुद्दाम भगवानरावाला ऐकू जाईल असं म्हटलं, माझ्या हाकेला ओ दिलीस तू, त्याचं मला...

माउली म्हणाला, हाक आलीच न्हाई मला. हेल्मेट व्हतं. तुमच्याकडं बघितलंबी न्हाई.

राजकन्या मागं न वळता म्हणाली, आमी दोघं लातूरलाच बोललो व्हतो, काका. मंग त्यानं दुकानात दांडे बघितले, मी आखाड्यावर कोयते, तवा पक्कं ठरवलं. कुणीबी जिंकलं तरी कुणीतरी मेलं असतं. मंग दोघं बाद झालेलं बरं.

पुन्हा गाडी चालवायला मिळणार नाही ना, मी विचारलं. माउली म्हणाला, न्हाई. कधीच न्हाई. त्याला गाडी फार आवडायची. हे मला आज, त्या न्हाईवरून कळलं. डबा पुसत पुसत म्हणाला, तुमचं डोकं मांडीवर घेऊन पुन्यांदा लातूरला यायचं न्हवतं मला, पप्पा. मागल्या टायमाला ते लई जड लागलं.

दोघं गेली. जाताना माउली अयोध्याचा निरोप सांगून गेला: यंदा गावात कुणाचंच डोकं फुटलं न्हाई.

साहेब म्हणाले होते राग आला की पेन उचला. मघापासून उचललेला आहे. राग शोधतोय, सापडत नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळं असेल.

शेजारी भगवानरावाच्या डोळ्यांतून पाणी चाललंय. जबड्याच्या इंजेक्शननं तसं होतं, नर्सबाई म्हणाल्या. माझ्याही सलाइनमध्ये चुकून तेच टाकलेलं दिसतंय.